कोल्हापुरात आमच्या मंडळाचा अॅम्प्लिफायर कमीत कमी 4 ओहमपर्यंत चालणारा आहे; एका चॅनेलवर 8 ओहमचे चार स्पीकर चालतील का?

नाही, चारही पॅरलल जोडू नका, चॅनेलला दोनच ठेवा. चार जोडले की लोड (स्पीकरचा एकूण रोध) 2 ओहमवर येतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला 4 ओहमच्या दुप्पट करंट द्यावा लागतो. आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात, प्रोटेक्शन पडतं म्हणजे अॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो, नाहीतर ट्रान्झिस्टर उडतातच. इथल्या मंडळांची साउंडची कामं करतो; मिरवणुकीत बंद पडलेल्या सेटमागे बहुतेकदा हीच जोडणी सापडते. ब्रिज मोड (दोन चॅनेल मिळून एकच आउटपुट) तर मुळीच नको, त्यात प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. चारही लावायचेच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या जोड्या पॅरलल करा: लोड 8 ओहम, पॉवर मात्र कमी. मॅन्युअलमध्ये 2 ओहम स्टिरिओ रेटिंग स्पष्ट दिलं असेल तरच चार पॅरलल चालतील, तेही जाड आणि आखूड वायरवर.