तीन कोटेशनं, तीन आकडे

प्रश्न: आमची इमारत 1987 सालची, फ्लॅट 520 चौरस फूट कार्पेट. दोन्ही बाथरूम, ओटा, फरशी, वायरिंग, रंग, सगळंच नव्यानं करायचंय. जमलं तर हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंतही काढायची आहे. तीन कॉन्ट्रॅक्टरांनी 9 लाख 40 हजार, 13 लाख आणि 15 लाख असे आकडे दिलेत. पहिला निम्मे पैसे आधी मागतो, पण मिस्टर म्हणतात तोच घ्या. गणपतीआधी घर तयार हवंय. कोटेशनच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
– एक निवृत्त शिक्षिका, बोरिवली

उत्तर: ताई, प्रती पाठवल्यात हे फार बरं केलंत. हे तीन आकडे एकाच कामाचे नाहीतच. 9 लाख 40 हजारांच्या कागदावर तोडफोड, डेब्रिज आणि वॉटरप्रूफिंगपुढे फक्त ‘ॲक्च्युअलप्रमाणे’ लिहिलंय. म्हणजे घर फोडून झाल्यावर तो भाव सांगणार, आणि तेव्हा तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. 13 लाखवाल्याच्या शेवटच्या पानावर तळाशी ‘जीएसटी वेगळा’ आहे. 18 टक्के धरले की 15 लाख 34 हजार होतात. तिसऱ्याच्या 15 लाखांत कर धरलेला आहे.

म्हणून आधी तुमची स्वतःची कामांची यादी करा, मापांसकट, आणि तिघांना तीच देऊन पुन्हा भाव मागवा. माप काढणं अवघड नाही. तुमचं मोठं बाथरूम 7 बाय 4 फूट. चार भिंतींचा घेर 22 फूट, टाइल्स 7 फुटांपर्यंत, म्हणजे 154 चौरस फूट. दाराचे 17 वजा, जमिनीचे 28 मिळवा: 165. कापाकापीत वाया जाणाऱ्या 10 टक्के धरूनही 182च्या आत बसतं. पहिल्या कोटेशनमध्ये याच बाथरूमला 240 लावलेत! मजुरी तर 165वरच द्यायची. यादीत मालही नेमका लिहा: ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710चा (पाण्याला टिकणारा, मरीन) प्लाय, एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटरची वायर. ‘चांगल्या प्रतीचा’ या शब्दांना अर्थ नसतो.

सगळ्यात जास्त लक्ष बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर ठेवा. जुना कोबा काढून, पाइप टाकून, कोटिंग झालं की ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जमिनीतलं तोंड, बंद करून पाणी भरायचं आणि किमान 48 तास तसंच ठेवायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलनं खूण करा. मग स्वतः खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत हात लावून बघा, कोपऱ्यात आणि पाइपाभोवती मुद्दाम. ते कोरडं असल्याशिवाय एकही टाइल बसू देऊ नका. हा टप्पा घाईत उरकला की वर्षभरात शेजाऱ्यांशी भांडण आणि नव्या टाइल्स पुन्हा फोडणं. हे मी फार घरांत पाहिलंय, फार वाईट वाटतं.

निम्मे पैसे आधी मुळीच देऊ नका. 10 टक्के ॲडव्हान्स, पुढचे काम होईल तसे, आणि शेवटचे 5 ते 10 टक्के एक पावसाळा पार पडल्यावर. हे सुरुवातीलाच लिहून घ्या. जो याला कबूल होईल, त्यानं दोनेक वर्षांपूर्वी केलेलं घर बघायला मागा. नुकतं संपलेलं सगळ्यांचंच चकाचक दिसतं. तिथल्या गृहिणीला विचारा, तो स्वतः साइटवर यायचा की काम दुसऱ्याकडे सोपवलं होतं.

भिंतीचा निर्णय मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या भरवशावर घेऊ नका. इमारत 30 वर्षांवरची आहे, त्यामुळे सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट असायला हवा. सेक्रेटरींकडून तो मागा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, त्यांचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी हातात आल्यावरच हातोडा. इतक्या जुन्या घरात फोडल्यावर स्लॅबची सळई गंजलेली निघणं नवीन नाही. ती दुरुस्ती कुठल्याच कोटेशनमध्ये नाही, म्हणून 15 टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा.

गणपतीचा हट्ट सोडा, ताई. पावसाळ्यात प्लास्टर, पुट्टी नीट वाळत नाही आणि त्यावर मारलेला रंग फुगतो. आत्ता यादी, ऑडिट, परवानगी उरका आणि दिवाळी झाली की काम सुरू करा.