नवऱ्याने मला न सांगता पोर्शेचं टोकन देऊन टाकलं

पत्र: ताई, माझ्या नवऱ्याला कॉलेजपासून पोर्शेचं वेड आहे. रात्री इअरफोन लावून पोर्शेच्या जुन्या नाइन-इलेव्हन (911) मॉडेलच्या इंजिनचे आवाज ऐकत बसतो, मॉडेल नंबर तोंडपाठ, आमच्या सहा वर्षांच्या मुलीलाही शिकवलेत. मी बरेचदा चेष्टा केली, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की इंजिन मागे ठेवतात ही कसली गाडी, तेव्हापासून माझ्याशी त्या विषयावर बोलणं त्याने बंदच केलं. मागच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं की जॉइंट अकाउंटमधून एका सेकंडहँड 996 साठी, म्हणजे नाइन-इलेव्हनच्याच एका पिढीच्या गाडीसाठी, टोकन दिलंय. म्हणतो स्वस्तात मिळतेय, अशी संधी परत येणार नाही. मी चिडून बोलून गेले की एकतर ती गाडी नाहीतर मी. आता दोघंही गप्प आहोत. खरं सांगू का, गाडीबद्दल बोलताना त्याचा चेहरा जसा खुलतो तसा माझ्याशी बोलताना खुलत नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं. काय करू?

उत्तर:

अगं, तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. "जाऊ दे गं, पुरुषांना गाड्यांचं वेड असतंच" असं कोणी समजवायला आलं तर अजिबात ऐकू नकोस. दोघांच्या पैशातून तुला न विचारता टोकन दिलं आणि तुला ते मेसेजवरून कळलं, हे चुकलंच आहे, गाडीच्या जागी प्लॉट असता तरी चुकलंच असतं. त्याच्याशी बोलशील तेव्हा नेमकं हेच बोल, की मला न सांगता केलंस ते लागलं. गाडी चांगली की वाईट, गरज आहे की नाही, हे त्यात घुसडलंस की तो गाडीची बाजू मांडत बसेल आणि लपवण्याचा मुद्दा बाजूलाच राहील.

आणि ते "एकतर गाडी नाहीतर मी" मागे घे. आजच घे. कारण तुला ते नकोच आहे, तुझ्या पत्राची शेवटची ओळ परत वाच म्हणजे तुझं तुलाच कळेल. गाडी गेली तर तो चेहरा तुझ्याकडे वळेल असं नाही होत गं, तो फक्त आणखी गप्प होतो.

आता तू विचारलं होतंस त्यावर बोलते, इंजिन मागे ठेवतात ही कसली गाडी. चेष्टेत विचारलंस पण हाच प्रश्न त्याला मनापासून विचारलास तर तो तासभर बोलेल, कारण पोर्शेवर जीव लावणाऱ्या माणसांच्या प्रेमाचं मूळच तिथे आहे. नाइन-इलेव्हन पहिल्यांदा 1963 साली फ्रँकफर्टच्या शोमध्ये दाखवली, तेव्हा नाव 901 होतं, मग प्यूजोने मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर हक्क सांगितला म्हणून 911 झालं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. स्कूटरच्या मागे जड पोतं बांधलं की पुढचं चाक कसं हलकं होतं, तसंच काहीसं इथे होतं, वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढे यायला बघते. हे पोर्शेवाल्यांना माहीत नव्हतं असं नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांना तर पुढच्या बंपरमध्ये बिडाची वजनं बसवली होती, मग 1969 च्या मॉडेलला पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 57 मिलिमीटरने वाढवलं, मग टायर, मग सस्पेन्शन, वर्षानुवर्षं तेच काम. दुसऱ्या कोणी इंजिन सरळ पुढे आणलं असतं आणि विषय संपवला असता. यांनी जागा बदलली नाही, आणि त्याच वजनामुळे वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना जी पकड मिळते ती आज या गाडीची ओळख आहे. मला स्वतःला हा हट्ट फार आवडतो, कितीतरी वेळा त्याबद्दल वाचलंय तरी कंटाळा येत नाही.

एकदा तर कंपनीनेच ही गाडी बंद करायचं ठरवलं होतं, पुढे इंजिन असलेली 928 तिची जागा घेणार होती. 1981 मध्ये पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले, ते स्वतः सांगायचे की हेल्मुट बॉट या इंजिनियरच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता, त्यात 928 आणि 944 च्या रेघा पुढे जात होत्या आणि 911 ची रेघ त्याच वर्षी थांबत होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून, दारापर्यंत ओढत नेली. आज 928 ही नाही आणि 944 ही नाही, 911 अजून बनतेय. तुझ्या नवऱ्याला ही गोष्ट नक्की माहीत असणार, त्याला सांगायला लाव. ऐकताना फोन बाजूला ठेव. हेव्यावर मला तरी याशिवाय दुसरा उपाय दिसत नाही, तो चेहरा खुलतो त्या वेळी तू समोर असायला हवीस, आणि सध्या तो इअरफोन लावून एकटाच असतो कारण सगळ्यांसमोर हसं झालेलं त्याला लागलंय. म्हणजे लपवायचा हक्क मिळाला असं नाही, पण न बोलण्याचं कारण निदान कळतं.

आता गाडीकडे येऊ, इथे मला तुझ्यापेक्षा त्याची काळजी वाटतेय. "संधी परत येणार नाही" हे त्याच्या डोक्यातून काढ. 996 साधारण पावणेदोन लाख बनल्या, ती काही दुर्मिळ गाडी नाही, ही गेली तर दुसरी येईल. ती स्वस्त मिळते यामागे कारणं आहेत. 1998 पर्यंतच्या 911 चं इंजिन हवेने थंड व्हायचं, तो खरखरीत आवाज म्हणजेच पोर्शे असं मानणारे लोक पाण्याने थंड होणाऱ्या 996 वर नाराज झाले, त्यात हेडलाइट पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टर गाडीसारखे, आतलं प्लास्टिक साधं. यातलं काहीच धोक्याचं नाही, उलट आवडत असेल तर फायदाच आहे.

धोका आयएमएस बेअरिंगचा आहे. साध्या 996 च्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, कॅमशाफ्टना फिरवणारा, त्याच्या एका टोकाचं बेअरिंग काही गाड्यांमध्ये झिजून तुटतं, मग टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन जातं. सगळ्या गाड्यांचं होत नाही पण ज्याचं होतं त्याचा खर्च भयंकर असतो. 996 च्याच टर्बो आणि जीटी3 या महागड्या प्रकारांमध्ये वेगळं इंजिन आहे, हान्स मेत्झगर यांच्या डिझाइनमधून आलेलं, त्यात ही भानगड नाही, पण स्वस्तात मिळतेय म्हणजे ती साधीच असणार. बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो, म्हणून शहाणे लोक क्लच बदलतानाच ते करून घेतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, क्लच कधी बदलला आणि बेअरिंगचं तेव्हा काय केलं, बिल दाखवा. तोंडी "झालंय हो" चालणार नाही.

दुसरं म्हणजे बोअर स्कोरिंग, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे. इंजिन तापल्यावर टकटक येतेय का, तेल जास्त पितेय का, दोन सायलेन्सरपैकी एकाच्या तोंडाशी जास्त काजळी आहे का, हे बघायचं, आणि बोअरस्कोप म्हणजे छोटा कॅमेरा सिलिंडरमध्ये घालून खात्री करायची. विकणारा याला नाही म्हणत असेल तर तिथेच थांबायचं, टोकन बुडालं तरी चालेल, मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय.

तपासणी या गाड्यांची रोज कामं करणाऱ्या मेकॅनिककडूनच करून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्याकडून नको. आणि तू सोबत जा. लक्ष ठेवायला जाऊ नकोस. गाडी लिफ्टवर चढते तेव्हा ते चपटं बॉक्सर इंजिन खालून दिसतं, तीन सिलिंडर इकडे तीन तिकडे, आडवे झोपलेले, त्याला विचार काय कुठे आहे. मुलीलाही न्या, मागे दोन छोट्या सीट आहेत, तिची चाइल्ड सीट तिथे नीट बसते का हे प्रत्यक्ष बसवूनच कळेल.

पैशाचं मात्र आधी कागदावर ठरवा. गाडीची किंमत वेगळी आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची वेगळी रक्कम, ती हाताशी नसेल तर गाडी आत्ता घ्यायची नाही, कारण घेताना स्वस्त असली तरी पार्टस् आणि मजुरी पोर्शेचीच लागते आणि मग पैसे नाहीत म्हणून बंद पडलेली गाडी दोघांच्या मधे उभी राहते. दोघांनी एक आकडा ठरवा, त्यावरचा कुठलाही खर्च दोघांनी हो म्हटल्याशिवाय नाही. हे त्याला मान्य नसेल तर मात्र तुझी अडचण गाडीपेक्षा मोठी आहे, तेव्हा मला परत लिही, आपण त्यावर वेगळं बोलू.

मान्य असेल तर आज रात्री त्याला एवढंच म्हण, की टोकनचं मला अजून लागलंय, पण इंजिन मागे का ते मला खरंच सांग. आणि विकणाऱ्याला फोन करून तपासणीची तारीख ठरवायला सांग, तोपर्यंत उरलेले पैसे द्यायचे नाहीत.