धोट्याला मधल्या वाटेत कोण ढकलते?

प्रश्न : आमच्या घरी वडिलांचे यंत्रमाग आहेत. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत पोहोचेपर्यंत मधल्या वाटेत त्याला काहीच ढकलत नसते, हे मी नीट पाहिले आहे. मग सुरुवातीला दिलेले बल धोट्यात साठून राहते आणि हळूहळू संपते, असे समजायचे का?
— दहावीतील विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र बदलावा लागेल. बल वस्तूत साठून राहत नाही. पिकर, म्हणजे धोट्याला ठोकर देणारा मागाचा भाग, त्याला रेटत असतो तेवढ्या वेळापुरतेच त्याचे बल असते आणि स्पर्श सुटताच ते संपते. त्यानंतर धोट्याजवळ उरतो तो वेग, आणि वेग टिकवायला बल लागत नाही, तो बदलायला लागते, हे न्यूटनने १६८७ मध्ये गतीच्या पहिल्या नियमात मांडले. फेकणारा वस्तूत एक प्रकारचा जोर भरतो, ही तुमच्यासारखीच कल्पना चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ ब्युरिदाँ यांनी मांडली होती. तेव्हा हा प्रश्न पडण्यात कमीपणा काहीच नाही.

धोट्यात खरोखर जे असते ते म्हणजे गतिज ऊर्जा. सोयीसाठी धोटा अर्धा किलोग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरू. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे, म्हणजे ३६ ज्यूल. पिकर ही ऊर्जा २० सेंटीमीटर अंतरात देत असेल, तर सरासरी बल १८० न्यूटन, म्हणजे साधारण १८ किलोचे ओझे उचलून धरायला लागते तेवढे. पुढची दीड मीटरची वाट धोटा सेकंदाच्या सुमारे आठव्या भागात पार करतो. खालच्या उभ्या धाग्यांशी घर्षण होऊन वेग थोडा घटतो, पण इतक्या कमी वेळात फारसा नाही. समोरच्या पेटीत मात्र तो जवळजवळ सगळा वेग काही सेंटीमीटरमध्ये काढून घ्यावा लागतो. तेथे पेटीची दाबपट्टी आणि पिकर धोट्याला अडवतात, आणि ऊर्जेचे रूपांतर उष्णता, कंपने आणि त्या ओळखीच्या खडखडाटात होते.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला असा वाटतो की, या ३६ ज्यूलपैकी कापडाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही, कारण खरे काम फक्त आडवा धागा पलीकडे नेण्याचे आहे. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या तर ७२ वॅट केवळ धोटा पळवण्या-थांबवण्यात जातात. फेऱ्या दुप्पट करण्यासाठी वेग दुप्पट केला, तर प्रत्येक फेरीची ऊर्जा चौपट होते आणि फेऱ्याही दुप्पट असल्याने शक्ती आठपट लागते. म्हणूनच रेपिअर (दांडीने धागा नेणाऱ्या) आणि एअरजेट (हवेच्या झोताने धागा नेणाऱ्या) मागांमध्ये धोटा काढून टाकून केवळ धागाच पलीकडे नेण्याची सोय केली गेली.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. धोटा वाटेवरून उडाला तर तो त्याच जडत्वाने बाहेर झेपावतो, आणि ३६ ज्यूल म्हणजे तीच वस्तू सात मीटरहून अधिक उंचीवरून अंगावर पडण्यासारखे आहे. माग चालू असताना धोट्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांशी उभे राहू नका.

प्रश्न : मागांचा आवाज दिवसापेक्षा रात्री लांबवर स्पष्ट का ऐकू येतो?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : रस्त्यावरची वर्दळ कमी होते हे एक कारण झालेच, पण दुसरे कारण हवेच्या थरांत आहे. ध्वनी उष्ण हवेत अधिक वेगाने जातो : ४० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३५५ मीटर, तर २० अंशांना ३४३ मीटर. सोलापूरच्या उन्हात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तापलेली असते, त्यामुळे तरंगाचा खालचा भाग पुढे सरकतो आणि आवाज वर वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वरचा थर तुलनेने उष्ण राहतो. आता तरंगाचा वरचा भाग वेगवान असतो, आवाज खाली वाकतो आणि दूरच्या घरांपर्यंत पोहोचतो. आकाश ढगाळ असेल त्या रात्री जमीन सावकाश निवते, म्हणून हा परिणामही कमी जाणवतो.