घरात ठेवायचं की कमरेला लावायचं? शस्त्र परवान्याची प्रश्नोत्तरे

मराठीत ‘बाळगणे’ म्हटलं की हत्यार घरात ठेवणंही आलं आणि अंगावर लावून फिरणंही. कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. या वेळच्या पत्रांमधला बराचसा घोळ तिथलाच आहे.

माझ्याकडे .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. मुलाच्या लग्नात कमरेला लावलं तर चालेल का? वरातीत एखादा बार काढायचा पाहुण्यांचा आग्रह आहे. (सातारा)

दोन्ही नको. परवान्याच्या मागच्या अटी एकदा वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, कुठलाही सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार, इथे हत्यार न्यायचं नाही असं त्यात छापलेलं असतं. एरवी रस्त्याने नेतानाही शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ते होल्स्टरमध्ये (अंगाला अडकवायच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. शर्ट खोचून मूठ दिसेल असं मिरवणं नियमात बसत नाही.

बार काढण्याचं तर नावच काढू नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा वेगळा गुन्हा झाला आणि त्याच्या व्याख्येत लग्नसमारंभाचा स्पष्ट उल्लेख आहे. कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागलीच पाहिजे असं नाही. भाच्याच्या हातात दिलंत तर त्याच्याकडे परवाना नाही आणि तुमचा धोक्यात, म्हणजे एका बारात दोघं अडकलात. शिवाय मोबाइलवरचा व्हिडिओ हाच पुरावा असतो आणि तो पाहुणेच काढतात.

मी डॅलसला एच-१बी व्हिसावर आहे. टेक्सासमध्ये परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं असं सहकारी सांगतात. मी घेऊ का?

सहकारी सांगतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील व्यक्तीला, हत्यार ठेवायला कायद्याने मनाई नसेल तर, पिस्तूल घेऊन फिरायला परवाना लागत नाही. गोम त्या ‘मनाई नसेल तर’मध्ये आहे. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, पर्यटक अशा बिगर-स्थलांतरित (म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या) व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतुसं दोन्ही ठेवायला मनाई करतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

याला काही अपवाद आहेत. नेहमी कामी येणारा म्हणजे अमेरिकेत मिळालेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर व्हिसाबद्दल प्रश्न असतो आणि अपवादात बसत असाल तर त्याचा कागद दाखवावा लागतो. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. शिकारीच्या परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटातच राहिली, की त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा मनाईत. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकसुद्धा ताब्यातच धरली जाते, हे शनिवारी मित्रांबरोबर ‘गंमत म्हणून’ जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि देशाबाहेर काढलं जाण्याची शक्यता वेगळी. म्हणून आधी इमिग्रेशन वकील, मग दुकान. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे जाल तेव्हा टेक्सासची मोकळीक तिथे चालत नाही.

आजोबांची बारा बोअरची बंदूक भिंतीवर आहे. ते गेल्या वर्षी वारले. आता काय करायचं? (रत्नागिरी)

पहिलं म्हणजे ती भिंतीवरून उतरवा. परवाना माणसाचा असतो, तो माणसाबरोबर संपतो. बंदूक आणि उरलेली काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. एक वर्ष आधीच गेलंय, तेव्हा वकिलाशी बोलून उद्याच जा. बंदूक घरात ठेवायची असेल तर वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा (आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे) आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडा. अर्ज बहुधा इथेच अडतो, कारण मुंबईच्या काकांची सही मिळत नाही. वारसाहक्काने आली तरी एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत.

आजोबा हयात असताना हे सोपं गेलं असतं. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो स्वतःच वारसाचं नाव सुचवू शकतो.

मुलगी शिकायला लंडनला चालली आहे. बॅगेत मिरचीचा स्प्रे देऊ का?

देऊ नका. आपल्याकडे तो दुकानात सहज मिळतो, पण ब्रिटनच्या १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये तो प्रतिबंधित शस्त्र आहे. तिथे स्वसंरक्षण हे हत्यार मागण्याचं कारण म्हणून सहसा धरलंच जात नाही. कॅनडातही माणसांवर मारायच्या स्प्रेला बंदी आहे. कर्कश वाजणारा खिशातला अलार्म द्या.

स्वित्झर्लंडमध्ये म्हणे सगळेच बंदूक घेऊन फिरतात?

नाही. सैनिकी सेवेतल्यांची रायफल घरी असते, हे खरं. ती रेंजवर नेताना काडतुसं वेगळी ठेवावी लागतात. भरलेलं पिस्तूल अंगावर घेऊन फिरायला वेगळा परवाना लागतो. त्यासाठी खरा धोका दाखवावा लागतो, परीक्षाही द्यावी लागते. सामान्य माणसाला तो क्वचितच मिळतो.

परवाना आहे, पण विमानतळावर बॅगेत एक काडतूस सापडलं तर?

गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. काडतूस बॅगेत आहे याची तुम्हाला जाणीव होती का, हे न्यायालय बघतं. पण विमान तर सुटलेलंच असतं. ज्या बॅगेतून कधी रेंजवर गेलात ती प्रवासाला घेऊच नका. घ्यावीच लागली तर उलटी करून झटका आणि अस्तराच्या फाटक्या शिवणीतून बोट फिरवा.