घरच्या कासवाने अंडी घातली आहेत. पिल्लं होऊ द्यावीत की नाही?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही बडोद्याला राहता. सहा वर्षांपूर्वी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून रेड इअर्ड स्लायडर जातीची दोन पिटुकली कासवं आणली होती. त्यातल्या मोठीने काल संध्याकाळी गच्चीवरच्या पालकाच्या वाफ्यात सात अंडी घातली. पिल्लं तुम्हाला नको आहेत. पण आजी म्हणतात, कासवाची अंडी मारणं पाप आहे, निसर्गाचं निसर्गाला करू द्या. त्यामुळे तुमचा हात धजत नाही.

अंडी आजच काढा आणि डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून मातीत पुरा. कासवांवर माझा जीव आहे म्हणूनच हे सांगते आहे. लोकांना नकोशी झालेली स्लायडर मी सांभाळते, त्यामुळे दुसरं घर शोधताना काय होतं ते मला जवळून माहीत आहे.

आजच म्हणण्याला कारण आहे. मादीच्या पोटात असताना अंड्यातला गर्भ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर थांबलेला असतो. तिथे प्राणवायू कमी मिळतो, म्हणून वाढ रोखलेली असते. अंडं बाहेर आलं, हवा लागली, की काही तासांत ती पुन्हा सुरू होते. पण पहिल्या एक-दोन दिवसांत आत मेंदूही नसतो आणि मज्जातंतूही नसतात, वेदना जाणवायला लागतं ते काहीच अजून घडलेलं नसतं. आठवडे गेले की ही परिस्थिती राहत नाही. एखाद्याला अंडी महिनाभराने सापडली, आणि अंधारात टॉर्च लावल्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं, तर मी फ्रीजर सांगणार नाही. मग ती पिल्लं होऊ द्यायची आणि प्रत्येकाची सोय लावायची. आणि जिवंत पिल्लू किंवा मोठं कासव फ्रीजरमध्ये ठेवणं ही सरळ क्रूरता आहे, ते कधीही, कोणाच्याही सल्ल्याने करू नका.

आजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला हात लावून मगच आत जाणाऱ्यांपैकी मीही आहे. पण त्यांना एवढं विचारा, की यात निसर्ग नेमका कुठे आहे? ही कासवं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. तिथे अंडी रॅकून आणि स्कंक उकरून खातात, उरलेल्यांतली बरीच पिल्लं बगळे आणि मासे गिळतात. म्हणून तर मादी वर्षातून दोन-तीनदा अंडी घालते, एका खेपेला कधी वीसच्याही वर. तुमच्या गच्चीवर खाणारं कोणी नाही. थंड देशात उबवायला यंत्र लागतं, आपल्याकडे बहुतेक महिने वाफ्यातली मातीच ते काम करते. सात घातली तर सातही बाहेर येऊ शकतात. शिवाय या जातीत पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, ३१ च्या वर जवळजवळ सगळ्या माद्या. म्हणजे बडोद्याच्या उन्हाळ्यात, माती फार तापून अंडी मेली नाहीत तर, तुमच्या हाती सात माद्या येतील आणि काही वर्षांनी त्या प्रत्येकीची अंडी.

आता त्या सात जणींचं काय होतं ते बघा. मादीची पाठ २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, आयुष्य २० ते ३० वर्षांचं, कधी त्याहूनही जास्त. पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी. म्हणजे एकीला जवळपास ४०० लिटरची टाकी, फिल्टर, चढून बसायला कोरडी जागा आणि ऊन किंवा उन्हातले अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवा. हे मिळालं नाही की पाठ मऊ पडते, वाकडी होते. पिल्लू दोन रुपयांच्या नाण्याहून थोडंसंच मोठं असतं तोवर घ्यायला सगळे तयार असतात. दुकानात दिली तर ती प्लास्टिकच्या डबीत बसून कोणा लहान मुलाच्या वाढदिवसाला जातात. चार वर्षांनी तेच कासव ताटलीएवढं होतं, पाण्याला वास मारतो, आणि मग फोन येतो, ‘ताई, सूरसागर तळ्यात सोडलं तर चालेल का?’

नाही चालणार. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण तिथे आपली मऊ पाठीची कासवंही राहतात हे फार थोड्यांना माहीत असतं. स्लायडर उन्हाच्या जागा आणि अन्न बळकावतात, आणि टाकीतले रोग बरोबर नेतात. जगातल्या सर्वांत घातक १०० उपऱ्या जीवांच्या यादीत आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने यांना घातलं आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये यांची आयात बंद केली. २०१८ मध्ये गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही ही सापडली. तिथे कोणी वाईट हेतूने सोडली असतील असं मला वाटत नाही. सोडणाऱ्याला पुण्यच वाटलं असेल, आणि तळ्यातल्या मूळच्या कासवांच्या वाट्याला त्याचे परिणाम आले.

म्हणून माझ्या मते प्रश्न अंड्यांना जगू द्यावं की नाही असा नाहीच. मादीचं अंडी घालणं तुमच्या हातात नाही, त्यात तुमचा काही दोषही नाही. नर नसला तरी ती अंडी घालते, फक्त ती फळत नाहीत. पण घातलेलं अंडं दोन-अडीच महिने मातीत राहू देणं हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. त्यानंतर ‘चुकून पिल्लं झाली’ असं म्हणता येत नाही. जे जीव अजून जाणतही नाहीत त्यांच्यापेक्षा, जन्मून तीस वर्षं अपुऱ्या पाण्यात काढतील त्यांचं देणं मला मोठं वाटतं. आणि सध्याच्या दोघांचं त्याहून मोठं, कारण ते आत्ता तुमच्या घरात आहेत.

त्या दोघांना आता वेगळं करा. पुढच्या पायांची नखं लांब, शेपूट जाड, अंगाने लहान असा जो आहे तो नर. तो सारखा तोंडासमोर नखं फडफडवत राहतो, त्याने मादी दमते, कधी चावेही बसतात. वेगळं केल्यावरही पुढची काही वर्षं फळलेली अंडी येऊ शकतात, कारण मादी शुक्राणू साठवून ठेवते. तेव्हा दर वेळी तेच करायचं. अंडी कायमची बंद करायची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण कासवांवर हात बसलेला पशुवैद्य मिळाला तरच.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पाठीवर चांदण्या असलेलं आपलं तारा कासव असेल तर त्याची गोष्टच निराळी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणंच गुन्हा आहे, अंडी बाजूला ठेवून आधी वनविभागाला कळवा. इग्वाना हा परदेशी सरडा किंवा बॉल पायथन हा परदेशी अजगर असेल तर नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली तर त्यांचीही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे बंधनकारक आहे.

तुमची मादी तीन-चार आठवड्यांत पुन्हा अंडी घालण्याची शक्यता आहे. तिच्यासाठी वाफा तसाच ठेवा, माती फूटभर खोल आणि ओलसर, मूठ वळेल इतकी. पाण्यात समुद्रफेनाचा (कटलबोनचा) तुकडा टाका, टरफलाला लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं. खणायला जागा मिळाली नाही तर मादी अंडी अडवून धरते, आणि अडकलेल्या अंड्यांनी ती मरू शकते. खाणं सोडलं, काच सारखी ओरबाडते, आणि दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत, की एक्स-रे काढायला न्या. त्या वेळी वाट बघत बसू नका.