सुपारी फुटली, आता तारखेपासून मागे मोजा

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. हॉल आणि केटरर मिळवण्याची घाई त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. रक्ततपासणी, पैशांचं बोलणं, राहण्याची व्यवस्था मात्र 'नंतर बघू' या खात्यात जाते. यांतल्या काही गोष्टींना महिने लागतात. या वेळच्या पत्रांपैकी पाच निवडली, ती त्याच कारणाने.

लग्न ठरून तीन आठवडे झाले. माघातली तारीख आहे, साखरपुडा अजून व्हायचाय. रोज रात्री तासभर फोनवर बोलतो, पण 'आज काय केलंस' यापलीकडे गाडी जात नाही. कामाचं असं नेमकं काय विचारायचं? — एक वाचक, सातारा

स्वभाव विचारू नका, गेला महिना विचारा. 'घरकामात मदत करशील का?' याला 'करेन की' एवढंच उत्तर येतं. 'गेल्या रविवारी तुमच्याकडे स्वयंपाक कोणी केला आणि भांडी कोणी घासली?' याला मात्र घडलेली गोष्टच सांगावी लागते. रागाचंही तसंच. 'तू चिडका आहेस का?' यापेक्षा 'शेवटचं भांडण कुणाशी झालं आणि ते मिटलं कसं?' हे विचारलं तर जास्त कळतं.

पैशांसाठी दोघांनी एकाच दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर चार आकडे लिहावेत: दरमहा हातात पडणारा पगार, चालू हप्ते आणि ते किती महिने उरलेत, आईवडिलांना किंवा भावंडांना द्यावी लागणारी रक्कम, आणि आजची शिल्लक. वार्षिक पॅकेजचा आकडा नको, त्यातून घरभाडं भरता येत नाही. मग कागद अदलाबदल करा. सगळ्यात जास्त राहून जाणारा प्रश्न म्हणजे 'कुणाला जामीन राहिला आहेस का?' पतसंस्थेच्या कर्जाला मित्रासाठी किंवा चुलत्यासाठी सही केलेली असते आणि ती कर्जात मोजायची असते हे लक्षातच येत नाही. कर्जदाराने हप्ते थकवले, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. लग्नानंतर नोटीस घरी आली की रकमेपेक्षा 'मला सांगितलं का नाही' यावरून घर पेटतं.

पैशांखेरीज चार विषय आहेत. बदली किंवा रात्रपाळी आली तर कोण कुठे राहणार? पहिलं मूल किती वर्षांनी, आणि तोवर गर्भनिरोधक कोणतं? खाण्यातलं चालणारं-न चालणारं, उपासतापास, सोवळंओवळं किती? आणि आईवडिलांच्या म्हातारपणी, विशेषतः मुलीच्या आईवडिलांच्या, कोण काय करणार? हा शेवटचा प्रश्न एकुलत्या एका मुलीने तर नक्कीच मांडावा.

रात्रीचा फोन यासाठी बरा नाही. दमलेला माणूस वाद नको म्हणून 'हो' म्हणतो. दिवसा समोरासमोर बसा, दोन बैठका, दोन-दोन तासांच्या. एकदा पैसा, एकदा घर. आणि एकमेकांच्या घरी अगदी साध्या दिवशी जा, पाहुणचाराची तयारी नसताना. हे सगळं साखरपुड्याच्या आधी व्हावं, कारण एकदा अंगठी घातली की 'नाही' म्हणायला चारपट धैर्य लागतं. 'आधी लग्न तर होऊ दे' असं उत्तर पैशांच्या प्रश्नाला दोनदा आलं, किंवा तुमच्या फोनचा पासवर्ड मागितला गेला, तर तारीख पुढे ढकला. पत्रिका छापल्या असल्या तरीही.

पत्रिका जुळली, रक्तगटही पाहिले: दोघांचाही ओ पॉझिटिव्ह. एकच गट असला तर मुलं आजारी निघतात असं काकू म्हणतात. आणखी कुठल्या तपासण्या कराव्यात? — एक आई, चंद्रपूर

एकच रक्तगट असल्याने मुलांना काहीही होत नाही. ही समजूत मनातून काढून टाका. रक्तगटात पाहायचं ते एकच: मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह आहे का. तसं असलं तरी लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणात साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं असतं, आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना ते विचारायचं. तिथे विसरलं जातं आणि दुसऱ्या बाळाला त्रास होतो.

तुमच्या भागात खरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक आजाराची आहे. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे त्याचे वाहक बरेच आढळतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे; त्याच्याकडे आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्याला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणूनच त्याला स्वतःला माहीत नसतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं राहण्याची चारात एक. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याची जोखीम कमी होत नाही.

शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी पहिली चाळणी म्हणून ठीक. ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण ते सांगत नाही, आणि थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजार तर तिला दिसतच नाही. म्हणून दोघांचीही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) आणि सोबत साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिनचा ए-2 हा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर जातं. इथे एक मेख आहे: अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येतो आणि वाहक नजरेतून सुटू शकतो. आपल्याकडे मुलींमध्ये ॲनिमिया किती आहे ते वेगळं सांगायला नको. आकडा काठावर असला आणि सीबीसीत तांबड्या पेशी लहान दिसल्या, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करून एचपीएलसी पुन्हा करावी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही प्रयोगशाळेत सांगा, नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा, ही जोडीही गंभीर. तिथेही चारात एकाचा धोका असतो. 'माझा सिकलसेल निगेटिव्ह आहे' एवढ्यावर थांबू नये, ते यासाठी.

दोघंही वाहक निघाले तर? निर्णय त्या दोघांचा. लग्न करायचं ठरलं तर गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, हे त्यांना आधीच ठाऊक हवं. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा. तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर निरोगी मुलीवर आयुष्यभराचा शिक्का बसतो.

आता दिवस मोजा. कावीळ-बी ची लस घेतली नसेल तर तिचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. रुबेलाची (जर्मन गोवराची) लस घेतल्यावर एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. एचआयव्ही आणि कावीळ-बी च्या चाचण्या दोघांच्या संमतीने, दोघांच्याही. फक्त मुलीची तपासणी मागणाऱ्यांना स्पष्ट नकार द्या.

मुलाकडचे म्हणतात, 'आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या.' हॉल त्यांच्या पसंतीचा, माणसं आठशे, मानपान वेगळा. पाच लाख कमी पडतात, कर्ज काढावं का? — एक वडील, सांगली

काढू नका. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 11,122 रुपयांच्या आसपास बसतो आणि एकूण सुमारे 6 लाख 67 हजार फेडावे लागतात. एका दिवसाच्या जेवणासाठी पाच वर्षं.

'फक्त लग्न करून द्या' यात आकडा नसतो, आणि आकडा नसलेली मागणी वाढत जाते. त्यासाठी आपल्याकडे जुनी, चांगली पद्धत आहे: याद करायची. दोन्हीकडची दोन-दोन माणसं बसवा आणि कागदावर लिहा: पानं किती, त्यातली कुणाची किती, नाश्ता कोणाचा, वऱ्हाडाची गाडी कोणाची, आहेर घ्यायचा की नाही. खर्च पानांच्या संख्येवर ठरतो. पान 400 रुपयांचं असेल तर आठशेच्या जागी साडेचारशे पानं केली की 1 लाख 40 हजार वाचतात. हॉलही छोटा चालतो, मग सजावटही कमी लागते. ज्याची जितकी माणसं, त्याचा तितका जेवणखर्च, हे सूत्र मांडून पाहा. आठशेचा आकडा आपोआप उतरतो. मानपानात साड्या-टॉवेल-टोप्यांची देवाणघेवाण दोन्हीकडून बंद करायची असेल तर ते यादीत लिहा आणि पत्रिकेवर 'आहेर नको' छापा. तोंडी ठरलेलं आत्या-मावश्यांपर्यंत पोचत नाही आणि रुसवे तिथूनच सुरू होतात.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा घेणं गुन्हा आहे, देणं गुन्हा आहे आणि नुसता मागणंही गुन्हा आहे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीत दिलेल्या भेटी चालतात. त्यांची यादी मात्र ठेवावी लागते. वधूला मिळालेल्या वस्तूंची एक, वराला मिळालेल्यांची दुसरी. प्रत्येक वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. खाली दोघांच्याही सह्या. दागिन्यांची पावती मुलीच्या नावाची करा आणि ती तिच्याकडेच असू द्या. तिचं स्त्रीधन तिचं एकटीचं आहे. सासूबाईंच्या कपाटात ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही.

यादीवर बोलायलाच मुलाकडचे तयार नसतील, तर त्या घरात मुलगी द्यायची का, हा तुमचा पुढचा प्रश्न आहे. मुलीला शेजारी बसवून तो सोडवा.

धाकट्या मुलाचं लग्न झालं की सून आमच्याबरोबरच, टू बीएचकेमध्ये राहील. ती नोकरी करते. थोरल्या सुनेशी स्वयंपाकघरावरून बिनसलं आणि ती वेगळी झाली. या वेळी तसं होऊ नये. — एक सासू, डोंबिवली

आधीच विचारलंत, फार बरं केलंत. बहुतेक घरांत 'सून मदत करेल' असं धरलेलं असतं. मदत म्हणजे डोकं एकीचं आणि हात दुसरीचे, त्यामुळे प्रत्येक फोडणीला सूचना येते. काम वाटू नका, वेळ वाटा. सकाळचे डबे तुमचे असतील तर रात्रीचं जेवण सून आणि मुलगा मिळून बघतील: काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत. त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघराबाहेर. आमटीत गूळ कमी पडला तरी. पहिले तीन महिने हे सगळ्यात अवघड जाईल आणि सगळ्यात उपयोगी पडेल. पोळ्यांना बाई लावायची असेल तर लग्नाआधीच लावा. नंतर लावली की 'सुनेला पोळ्या येत नाहीत म्हणून' असा अर्थ काढला जातो.

ओट्याजवळचं एक कपाट आणि फ्रिजचा एक कप्पा तिला द्या. छोटी गोष्ट वाटते, पण घरात आपली म्हणून जागा नसलेली मुलगी पाहुणीसारखी वावरते आणि तुम्हाला वाटतं तिला आपलेपणा नाही. त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी हवी, आणि दार वाजवून थांबायची सवय सगळ्यांना.

खर्च मिळकतीच्या प्रमाणात ठेवा. घराला 45 हजार लागतात, मुलाच्या हातात 60 हजार पडतात, सुनेच्या 40, तर त्याचे 27 हजार आणि तिचे 18. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत ते घरखर्चाच्या एका खात्यात जावेत. उरलेलं ज्याचं त्याचं. त्याचा हिशेब मागायचा नाही. तुमचं पेन्शन असेल तर त्यातलं किती घरात घालायचं तेही सांगून टाका, कारण न सांगता भरलेले पैसे पुढे कधीतरी बोलून दाखवले जातात.

तक्रार असली तर तुमच्याशी मुलाने बोलावं, सुनेच्या आईशी सुनेने. नवरा 'तुम्ही दोघी बघून घ्या' म्हणत टीव्हीसमोर बसला की दोघी एकमेकींच्या अंगावर येतात. थोरलीच्या वेळी नेमकं हे झालं होतं का, ते मुलांनाच विचारून पाहा. आणि वर्षभराने त्यांना वेगळं राहावंसं वाटलं तर दहा मिनिटांच्या अंतरावर घर बघायला तुम्हीच सोबत जा. थोरलीकडे जाणंयेणं सुरू करायलाही तो रस्ता बरा पडेल.

लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का? मधुचंद्रासाठी परदेशी जायचंय. — एक वाचक, पुणे

नाही, बायकोने नाव बदलावं असा कायदा नाही. माहेरचं नाव राखूनही विवाह नोंदणी होते. बदलायचं असेल तर आधी नोंदणीचा दाखला, मग आधार, पॅन, बँक, असा क्रम ठेवा; आधी बँकेत बदलायला गेलात तर नावं जुळत नाहीत म्हणून केवायसी अडतं. परदेशी तिकीट मात्र आजच्या पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा आणि पासपोर्टवरचं नाव सहलीहून परत आल्यावरच बदला.

महाराष्ट्रात नोंदणी लग्नानंतर 90 दिवसांत करायची असते, गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सही. ही सही मांडवातच घेऊन ठेवा, नंतर त्यांना गाठणं कठीण होतं.

दोघं नोकरी करत असाल तर भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशनही नव्याने भरा. लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नाव घातलेलं असतं; कुटुंब झालं की ते रद्द समजलं जातं. ऑनलाइन काम आहे, पंधरा मिनिटांचं. लग्नाचा दाखला हातात आला त्याच आठवड्यात उरका.