पिल्निट्झच्या राजवाड्यातला दोनशे वर्षांचा कॅमेलिया अजून जिवंत कसा? आपल्याकडे जुनी झाडे अशी का टिकत नाहीत?

माझी मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला असते आणि पिल्निट्झ त्या शहरातच आहे, त्यामुळे हे झाड मी मार्चमध्ये भर बहरात पाहिले आहे. तरीही उत्तर लिहायला बसलो तो ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात असलेल्या खुरचाफ्यामुळे.

हा कॅमेलिया 1801 साली एल्ब नदीकाठच्या त्या बागेत जमिनीत लावला गेला आणि तेव्हापासून जागचा हललेला नाही. तिथली थंडी त्याला सोसत नाही, म्हणून पूर्वी हिवाळ्यात त्याच्याभोवती लाकडी घर उभारत. 1905 च्या जानेवारीत त्या घराला आग लागली. बाहेर उणे 20 अंशांच्या आसपास थंडी असल्याने विझवण्यासाठी मारलेले पाणी झाडावरच गोठले आणि त्या बर्फाच्या कवचामुळे ते वाचले. 1992 पासून तेथे रुळांवर सरकणारे 13.2 मीटर उंचीचे, 54 टनांचे काचघर आहे. हिवाळ्यात ते झाडावर आणतात, आत 4 ते 6 अंश तापमान राखतात, दमटपणा आणि सावली संगणक सांभाळतो आणि मे महिन्यात घर पुन्हा बाजूला सरकवतात. लोक काचघराचे फोटो काढत होते. माझ्या मनात एकच आले की येथे 54 टनांचे घर हलते, झाड हलत नाही.

आमच्याकडे नेमके उलटे झाले. वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा पणजोबांनी लावलेला चाफा नव्या इमारतीच्या पार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी येत होता. रॅम्प पाच फूट सरकवा, असे मी म्हणालो. नकाशा बदलला तर काम लांबेल, असे दादाचे म्हणणे, आणि वर, "चाफ्याची फांदी खोचली तरी जगते, त्याचे एवढे काय कौतुक?" निदान फेब्रुवारीपासून एकेका बाजूने चर खणून मुळे छाटू, नवी तंतुमुळे फुटू देऊ आणि पावसाआधी मातीच्या गड्ड्यासकट हलवू, ही माझी दुसरी विनंतीही हवेत विरली. जुलैतल्या एका शनिवारी, भर पावसात, जेसीबीने तासाभरात झाड उपटले. निम्मी मुळे जागेवरच राहिली. हलू नये म्हणून खोड दीड फूट जास्त खोल पुरले, तेही मागच्या कोपऱ्यात, जेथे गच्चीच्या पन्हळीचे पाणी पडते.

चाफ्याच्या खोडात पाण्याचा साठा असतो, त्यामुळे गणपतीपर्यंत तो फुलत राहिला आणि मी उगाच ओरडत होतो असे सर्वांचे मत झाले. हिवाळ्यात पाने गळली, पण चाफ्याची ती एरवीही गळतात. मार्चमध्ये बुंध्यावर अंगठा दाबला तर साल पिकल्या चिकूसारखी आत गेली. सुरीने टोचून पाहिले, चीक आला नाही. ज्या चाफ्याला चीक नाही, त्यात काही उरलेले नसते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की आपल्याकडे नकाशात झाड सर्वांत शेवटी येते. नकाशावर आधी झाड रेखाटा, मग रॅम्प. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवू नका. राज्याच्या वृक्ष कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरील झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, तेव्हा वयाचा पुरावा, जुने फोटोसुद्धा, जपून ठेवा. पुनर्रोपण हा शब्द कोणी उच्चारला की महिना विचारा. जुलै म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एक राहिले. हे वाचून ठाण्यात कॅमेलिया लावायला जाऊ नका. तो चहाच्या कुळातला आहे, त्याला आम्ल माती आणि थंडी लागते. शिवाय दादाने तेव्हा कापून नेलेली फांदी आज त्याच्या घोडबंदर रोडच्या गच्चीवर पिंपात फुलते आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते तेच झाड आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र पुढे ट्रान्सफॉर्मरला जागा हवी म्हणून तोच रॅम्प सहा फूट सरकवला गेला आणि त्यापायी काम एक दिवसही लांबले नाही, हा विषय दादाकडे अजून निघत नाही.